दंड नव्हे, मागणी

इंग्लंडमध्ये लेस्टरला लेकीकडे २०२३ च्या ऑक्टोबरात सहा आठवडे राहून आलो. परतल्यावर लोक तिथल्या थंडीबद्दल विचारत. मला मात्र एक पाकीट आठवे.

संध्याकाळी जावयाने ते फोडले. आत त्याच्या गाडीचे दोन फोटो. एका वाहनतळावर शिरतानाचा एक आणि बाहेर पडतानाचा दुसरा. वर मिनिटांसकट वेळ, खाली रक्कम शंभर पौंड. चौदा दिवसांत भराल तर साठ. म्हणजे आपले सहा हजार रुपये!

गाडी जावयाची, पण चूक माझी. नातवाचे दात दाखवायला गेलो होतो. उशीर झाला होता, म्हणून तिघे आत पळाले आणि "यंत्राचं मी बघतो" म्हणून मी मागे राहिलो. पाहुण्यालाही आपला काही उपयोग व्हावा असे वाटतेच की. नाणी टाकली, गाडीचा नंबर दाबला, पावती घेतली. नंबरात शून्य होते तिथे मी इंग्रजी 'ओ' दाबला. तिथल्या पाटीवर दोन्हींचा आकार अगदी एकच असतो. आधी दोन अक्षरे, मग दोन आकडे, मग तीन अक्षरे, असा जागेवरून ओळखायचा हिशेब. तो मला कुठला ठाऊक! कॅमेऱ्याच्या लेखी त्या गाडीचे पैसे भरलेच गेले नव्हते.

रात्रभर झोप नाही. आमच्या घरात नोटीस, कोर्ट हे शब्द हलक्या आवाजात बोलायची रीत. लेकीच्या संसारात आपण हे काय आणून ठेवले? पाकिटात जपून ठेवलेले साठ पौंड गुपचूप भरून टाकावेत असे मनात आले. पण रोख घेणारे तिथे कुणी नव्हतेच.

सकाळी लेक म्हणाली, "अब्बा, आधी वाचा तरी नीट. शब्दांचं काम तर तुमचं आहे." मी बी.ए. झालो, पण इंग्रजी अजून शब्दकोशाच्या काठीने चालते. तरी बसलो. आणि पहिल्याच ओळीत अडलो. नगरपालिका देते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस'. हिच्यावर होते 'पार्किंग चार्ज नोटीस'. आद्याक्षरे दोन्हींची तीच, पीसीएन! कागदाची ठेवणही सरकारी. पण हा सरकारी दंड नव्हे. जागेवरच्या पाटीतल्या अटी तुम्ही मोडल्या, तेव्हा ठरलेली रक्कम द्या, अशी एका खासगी कंपनीची ती मागणी.

मग फाडून फेकावी का? जावयाच्या एका मित्राचा तोच सल्ला होता. तो आता धोक्याचा आहे. खासगी जागेत गाडीला कुलूप ठोकणे इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ च्या ऑक्टोबरात बंद झाले, पण त्याच कायद्याने चालक कोण ते कळले नाही तर नोंदणीकृत 'कीपर'कडून वसुलीची वाट मोकळी केली. कीपर म्हणजे मालक नव्हे, राखणदार. शब्द मला आवडला, प्रसंग नाही. पुढे चेम्सफर्डच्या एका दुकान-संकुलात दोन तासांवर ५६ मिनिटे जास्त थांबलेले बॅरी बीव्हिस ८५ पौंडांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि २०१५ च्या नोव्हेंबरात हरले. म्हणजे कागद पोकळ नाही.

पण कंपनीवरही बंधने आहेत. काचेवर चिठ्ठी न लावता नुसत्या कॅमेऱ्यावरून कीपरला धरायचे असेल, तर नोटीस चौदा दिवसांत पोचावी लागते. आमची बाराव्या दिवशी आली होती. चालकाचे नाव सांगायची सक्ती कीपरवर नाही, म्हणून पत्रात 'मी गाडी लावली' असे भाबडेपणाने लिहायचे नसते. कंपनीने अपील फेटाळले तर तिच्या संघटनेमार्फत स्वतंत्र अपील करता येते. वसुलीवाल्यांच्या पत्रांत जोर असतो, पण कोर्टाच्या निकालावाचून त्यांना तुमच्या दारातली कुंडीही उचलता येत नाही. कोर्टाचा दावा आला, तर मात्र एक दिवस दवडू नये. उत्तर न दिल्यास एकतर्फी निकाल लागतो, आणि पैसे महिन्यात न भरल्यास तो सहा वर्षे नोंदीत राहून घरकर्जाच्या आड येतो.

जावई तरी म्हणतच होता, "साठ भरू आणि मोकळे होऊ." त्याचे चुकत नव्हते, स्वतंत्र अपिलात हरलो तर सवलत सहसा जाते. पण लेक हटून बसली. "पैसे भरलेत ना तुम्ही? मग?"

सारे अडले पावतीवर. कोटाचे खिसे, पिशव्या, कचऱ्याचा डबा, सगळे धुंडाळले. ती निघाली माझ्या वहीत, अर्ध्या राहिलेल्या कवितेत खूण म्हणून. पावतीवर पैसे, वेळ आणि तो नंबर, एका अक्षराने चुकलेला. या धंद्याच्या आचारसंहितेतच आहे की पैसे भरलेले असून एखादे अक्षर चुकले असेल, तर मागणी रद्द करावी. लेकीने पावतीचा फोटो जोडून पाच ओळी लिहिल्या. मी त्यात एक विशेषण घालू पाहत होतो. तिने खोडले.

अठरा दिवसांनी उत्तर आले. मागणी रद्द. दिलगिरीचा शब्द नाही, उलट पुढच्या वेळी नंबर नीट दाबण्याची सूचना. जावयाने ते पत्र नोटिशीला टाचून फायलीत ठेवले. त्यानंतर गाडी कुठेही थांबली की नातू माझ्याआधी यंत्राकडे धावायचा आणि ओरडायचा, "नाना, शून्य! शून्य!"