तेरची बाई आणि पाँपेईची बाई



रोमन काळाची ओळख करून घ्यावयास बोटीने जावे लागत नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच ग्रीकांचे ‘तगर’, असे फ्लीटसाहेबांनी १९०१ साली प्रतिपादिले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात तगरहून भडोचला गाड्यांतून कापड जाई, असे लिहिले आहे. सोलापूरकरांना त्याचे नवल ते काय!

तेरच्या लामतुरे संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिची बहीणच शोभेल अशी एक मूर्ती १९३८ साली पाँपेईला सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले; तेव्हा ती त्यापूर्वीच तिकडे पोचली असली पाहिजे. आपल्या मूर्तीचा काळ ठरविण्यास परक्या राखेने असा हातभार लावला.

इटलीतील पंडितांनी तिला लक्ष्मी म्हटले. परंतु दोन बाजूंच्या दासींच्या हातांत प्रसाधनाची पात्रे आहेत आणि डोक्यात वरून छिद्र आहे. पुढे तिला यक्षी म्हणू लागले. ती आरशाची मूठ की आसनाचा पाय, हा वाद आहेच.

हसू नका, आपणही तेच केले. पश्चिम भारतातील कित्येक खापरांना आपण ‘रोमन मद्यकुंभ’ म्हटले. फेरतपासणीत त्यांतील पुष्कळ इराणी आखाताकडील, आतून डांबर फासलेले रांजण निघाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला काशाचा पोसायडन मात्र खरोखर तिकडचाच आहे.