थोडी थंडी वाजू द्या

‘कोकणात कसली आलीय थंडी!’ असं घाटावरची मंडळी म्हणतात. त्यांनी जानेवारीतल्या एखाद्या पहाटे दापोलीत येऊन पाहावं. समुद्र जवळ असला तरी गाव सुमारे २५० मीटर उंचीच्या पठारावर आहे. थंडीच्या दिवसांत इथं पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, सकाळच्या शाळेचे विद्यार्थी सायकलवर असतात. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेली पन्नाशी-साठीतली माणसंही असतात. यांतले बरेच जण ‘थंडी सोसत नाही’ म्हणून डिसेंबरात सायकल कोपऱ्यात उभी करतात, आणि मग ती उभीच राहते. खरं तर महागडे कपडे लागत नाहीत. कपाटात आहेत तेच नीट निवडावे लागतात.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. पॅडल मारताना आपण जी शक्ती खर्च करतो, तिच्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा चाकाकडे जातो. बाकीची उष्णता होते. म्हणजे सायकलस्वार ही चालती शेगडीच! म्हणून दारातून निघतानाच छान उबदार वाटलं, तर कपडे जास्त झाले असं समजा. पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे.

आता दापोलीहून हर्णैला निघा. आसूदच्या उतारावर पॅडल मारावं लागत नाही, म्हणजे शेगडी विझलेली; आणि वारा मात्र समोरून. हवा १० अंशांची आणि वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या चेहऱ्याला ती साडेसहा-सात अंशांसारखी झोंबते. त्यात पहाटेची थंड हवा जड होऊन खालच्या बागांत साचलेली असते. परतताना उलटा प्रकार. ऊन वर आलेलं, चढ लागलेला आणि आत घामाच्या धारा. माथ्यावर चहाला थांबलात, की तो ओला गंजीफ्रॉक पाठीला बर्फासारखा चिकटतो. कारण पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगानं उष्णता ओढून नेतं.

म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. अंगालगत सुती गंजी नको. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. खेळाडू घालतात तो पातळ पॉलिस्टरचा टीशर्ट लवकर वाळतो. त्यावर हलका लोकरी स्वेटर. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. भर पावसात डोक्यावर कांबळं घेऊन लावणी करणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना हे ठाऊक होतं. सगळ्यांत वर पातळ विंडचिटर, पुढे चेन असलेला. उतारावर चेन गळ्यापर्यंत ओढायची, चढावर पूर्ण उघडायची. रबरी रेनकोट मात्र नको. वारा अडतो, पण घामही आतच कोंडतो.

विंडचिटर नसेल तर? हातातलं वर्तमानपत्र वाचून झालं की घडी करून शर्टाच्या आत छातीवर सरकवा. थट्टा नाही. ‘टूर द फ्रान्स’मधले जुने स्वार आल्प्सचा घाट चढले, की माथ्यावरच्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन हेच करत. आणि उतार संपला की कागद काढून टाकता येतो!

हातांची काळजी सगळ्यांत आधी घ्या, कारण ब्रेक बोटांत असतो. गारठलेली बोटं वळायला वेळ लावतात, आणि घाटाच्या वळणावर तेवढा वेळ नसतो. मोजे तळव्याला पकड असलेले हवेत. नुसते लोकरी मोजे मुठीवरून घसरतात. गुडघे झाकणारी पूर्ण पँट घाला, पण चेनकडचा पायचा रबरबँडनं बांधा. माकडटोपी गळ्याशी उबदार असली, तरी मागच्या एस.टी.चा आवाज नीट ऐकू देत नाही आणि हेल्मेट बसू देत नाही. हेल्मेटखाली पातळ कानटोपी पुरते. मफलर आणि ओढणी मोकळी सोडू नका. चाकात अडकली तर जिवावर बेतेल.

आणखी एक. आपले गरम कपडे बहुधा काळे, चॉकलेटी, गडद निळे. धुक्यात आणि अंधारात असा माणूस गाडीवाल्याला दिसतच नाही. वरचा कपडा पिवळा किंवा पांढरा असावा, पाठीवर चकाकणारी पट्टी शिवून घ्यावी आणि मागे लाल दिवा हवाच. पेपर टाकायला पोरगं पाठवत असाल, तर त्याच्या पाठीवर ही पट्टी आहे का, हे आजच पाहा. ऊब थोडी कमी पडली तरी चालेल, दिसणं कमी पडून चालणार नाही.

ज्यांना हृदयविकार, रक्तदाब किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून, ऊन पडल्यावरच निघावं. पिशवीत एक कोरडा टीशर्ट सगळ्यांनीच ठेवावा आणि थांबल्याबरोबर ओला बदलावा. एवढं केलंत तर हिवाळ्यात सायकल बंद ठेवायचं कारण उरत नाही. उलट, आपल्या कोकणात घामाशिवाय सायकल चालवता येईल असे दिवस वर्षात असतात किती? ते गोधडीत घालवू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)