घरचे कोरीवकाम, गावाचे संग्रहालय आणि बहिणीची सही

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मालमत्तेच्या हक्कांच्या सत्रात संग्रहालय कुठून आले, असे काहीजणींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. सांगते.

सातारा जिल्ह्यात एका कुटुंबाचा वाडा आहे. चार पिढ्यांचे लाकडी कोरीवकाम आत आहे : गणेशपट्टीची चौकट, नक्षीचे खांब, देव्हारा, पाळणा, फणेरपेट्या. वाडा मोडकळीला आला तेव्हा भावांनी ठरवले, हे सगळे संग्रहालय करून गावाला खुले करायचे. कल्पना चांगलीच आहे. नाहीतर असल्या चौकटी व्यापारी उचलतात आणि त्या कुठल्यातरी हॉटेलच्या दाराला लागतात. पण या सत्कार्याचा पहिला कागद आला तो बहिणींकडे, आणि तो होता हक्कसोडपत्राचा. “ताई, गावाचं काम आहे, तुला काय कुणी पैसे मागतंय का? सही कर.”

आमच्याकडे तो कागद आला तेव्हा आम्ही सगळ्याजणींनी बसून तो मोठ्याने वाचला. त्यात संग्रहालयाचे नावसुद्धा नव्हते. बहिणी हक्क सोडणार भावांच्या नावे. पुढे भाऊ दान देणार. म्हणजे उद्या संग्रहालय झालेच नाही, तर चौकट आणि देव्हारा भावांचे, आणि बहिणी कायमच्या बाहेर.

थोरलीचे लग्न 1989 सालचे. ‘तुझा हक्कच नाही, सही नुसती उपचाराची’ असे तिला सांगितले गेले. (हक्क नाही तर सही कशाला, हे तिनेच विचारले!) महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबर हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले, हे खरे. केंद्राच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून हा भेद उरला नाही. हा हक्क जन्माने आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटप झाले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी वाटपाचे कागद पाहायला मागा. आणि हिस्सा जमिनीत आणि घरातच असतो असे नाही. वडिलोपार्जित देव्हाऱ्यात असतो, पाळण्यातही असतो.

आम्ही सुचवले ते एवढेच : आधी सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा, मग आई, भाऊ, बहिणी अशा सर्व हिस्सेदारांनी मिळून थेट न्यासाला दानपत्र करून द्या. वस्तूंची यादी त्याला जोडा. ठराविक मुदतीत संग्रहालय उघडले नाही तर काय, हेही त्यात लिहा. बाईची सही दोन्हीकडे लागतेच. पण हक्कसोडपत्रावर ती नाहीशी होते आणि दानपत्रावर ती देणारी असते.

भावांना राग आला. “बाहेरच्या बायका घर फोडतात,” हे आम्हाला नवीन नाही.

त्यांच्या बोलण्यात पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा दाखला वारंवार येई. तो दाखला चांगला आहे, म्हणून मी तोच हाती घेतला. दिनकर केळकर (1896–1990), म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आयुष्यभर जमवलेला खाजगी संग्रह 1975 साली राज्य सरकारकडे सोपवला. वीस हजारांवर वस्तू. कोरीव दरवाजे-खिडक्या आहेत, कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आहेत. पण अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या आणि स्वयंपाकघरातली भांडीही आहेत. बाईच्या हातातली वस्तू जपण्याजोगी आहे, असे या माणसाला वाटले, ही मोठी गोष्ट. संग्रहालयाला नाव आहे ते बालपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे. बापाच्या दुःखातून आलेल्या त्या नावाला मी बोल लावणार नाही. पण या उद्योगात केळकरांना साथ देणाऱ्या कमलाबाईंचे नाव दाराशी नाही, हेही दिसतेच.

वाड्याच्या नोंदवहीत हे घडू नये म्हणून धाकट्या सुनेने काम हाती घेतले आहे. तिने वहीत चार रकाने पाडले : वस्तू काय, कोणी घडवली, कोण वापरत होते, कोणी जपली. सुताराचे नाव बहुतेक ठिकाणी कोणाला आठवत नाही. पण सासूबाई खांबापाशी बसून सांगतात : दर दिवाळीआधी तेलाचा बोळा कोणी फिरवला, वाळवी लागली तेव्हा रॉकेल कोणी भरले, फणेरपेटी कुणाच्या माहेरून आली. तीत आरसा होता, तो कोणत्या भांडणात फुटला, हेही सांगतात. सून तेही लिहून घेते.

दानपत्राचा मसुदा सध्या वकिलांकडे आहे. विश्वस्तांमध्ये दोन बाया घ्यायला भाऊ तयार झालेत, थोरली तीनवर अडून बसली आहे.