भुकेल्यांचा अर्ज

वस्तुसंग्रहालय म्हटले की डोळ्यांसमोर राजांच्या तलवारी, जुनी नाणी, देवदेवतांच्या मूर्ती आणि भरजरी वस्त्रे उभी राहतात. पण जो मनुष्य उपासमारीने मेला, त्याच्या मागे काय उरते? भांडीकुंडी आधीच विकली गेलेली असतात, झोपडी पाडली गेलेली असते, थडग्यावर नाव नसते. अशा माणसांचे संग्रहालय उभारावयाचे, तर त्यात मांडावयाचे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर आयर्लंडमधील स्ट्रोक्सटाउन या लहानशा गावी मिळते.

रॉसकॉमन परगण्यातील या गावाच्या रुंद रस्त्याच्या टोकाला अठराव्या शतकातील एक जमीनदारी वाडा आहे. त्याच्या जुन्या पागांत १९९४ साली राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय उघडण्यात आले व २०२२ मध्ये त्याची नवी मांडणी झाली. प्रेक्षक वाडाही पाहतो आणि संग्रहालयही पाहतो. वाड्याच्या स्वयंपाकघरावर एक सज्जा आहे. मालकीणबाई त्या सज्ज्यावरून आठवड्याच्या पदार्थांची यादी लिहिलेला कागद खाली स्वयंपाकिणीकडे टाकीत, असे सांगतात. तो कागद ध्यानात ठेवून पलीकडच्या पागांत जावे; तेथे दुसरा एक कागद भेटतो.

त्यापूर्वी थोडा इतिहास पाहिला पाहिजे. आयर्लंडमधील शेतकरी बहुतांशी कॅथलिक कुळे होती आणि जमिनीचे मालक बहुतांशी प्रॉटेस्टंट जमीनदार. शेतात पिकणारे धान्य व पोसलेली जनावरे खंडापायी जात. घरी खावयाला उरे तो बटाटा. सुमारे तीस लाख लोकांचे पोट जवळजवळ सर्वस्वी त्यावरच होते. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला व पिकाचा मोठा भाग नासला. १८४६ मध्ये जवळजवळ सारेच पीक गेले. हिरवीगार शेते काही दिवसांत काळी पडली आणि हवेत कुजका दर्प पसरला.

पंतप्रधान पील यांनी पहिल्या वर्षी अमेरिकेतून मका मागविला होता. १८४६ मध्ये आलेल्या रसेल यांच्या सरकारने मात्र धान्याच्या व्यापारात हात घालावयाचा नाही, असे धोरण धरले. भुकेल्यांना खडी फोडण्यास व रस्ते बांधण्यास लावले. १८४७ च्या मार्चमध्ये अशा कामांवर सात लाखांहून अधिक लोक होते. त्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रे उघडली आणि रोज तीस लाख लोकांना रस्सा मिळू लागला. म्हणजे मनात आणले तर लोकांना जगविता येत होते! पण काही महिन्यांत ती छत्रेही बंद झाली. त्याच वर्षी नियम झाला, की पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्याकडे असेल, त्याने ती सोडल्याखेरीज त्याला मदत मिळणार नाही. धान्याचा व गुरांचा काही भाग बंदरांतून परदेशी जातच होता. १८४७ मध्ये निर्यातीहून आयात अधिक झाली हे खरे. पण बाजारात धान्य असून हाती पैसा नसेल, तर त्या धान्याचा उपयोग काय?

आता तो दुसरा कागद. १९७९ साली जिम कॅलरी या स्थानिक व्यावसायिकाने ही मालमत्ता विकत घेतली. तेथील जुने दप्तर चाळताना त्यांना क्लूनाही या वस्तीतील कुळांचा ऑगस्ट १८४६ मधील अर्ज सापडला. आमची मुले डोळ्यांदेखत अन्नासाठी रडत आहेत, बटाटे कुजले आहेत, धान्य नाही. देवाचा वा देशाचा कायदा मोडण्याची आमची इच्छा नाही, पण भुकेने भाग पाडले तर आम्ही काय करावे, असा त्याचा आशय आहे. कॅलरी यांनी दप्तर जपून ठेवले आणि त्यातूनच हे संग्रहालय जन्मास आले.

अर्जाच्या शेजारी जमीनदाराचा हिशेबही वाचावयास मिळतो. मेजर डेनिस माहोन यांना ही मालमत्ता १८४५ मध्ये वारशाने मिळाली. खंड थकलेला होता आणि गरिबांसाठीच्या कराचा बोजा वाढत होता. कुळांना सरकारी दरिद्रालयात पोसण्यापेक्षा जहाजाने कॅनडाला धाडणे स्वस्त पडेल, असे त्यांच्या कारभाऱ्याने आकडे मांडून दाखविले. १८४७ च्या मे महिन्यात १,४९० माणसे कालव्याच्या काठाने पायी डब्लिनला निघाली व तेथून लिव्हरपूलमार्गे जहाजांवर चढली. त्यांपैकी ‘व्हर्जिनियस’ जहाजावर ४७६ प्रवासी होते. त्यांतील १५८ वाटेतच मेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माहोन यांचा गोळी घालून खून झाला. क्रौर्याने क्रौर्य वाढले. भूक मात्र शमली नाही. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले आणि दहा लाखांहून अधिक देशांतरास गेले.

भारताचाही या कथेशी संबंध आहे. आयर्लंडसाठी सर्वांत आधी परदेशातून वर्गणी गोळा झाली ती कलकत्त्यात. सुमारे चौदा हजार पौंड तेथून गेले. मुंबईनेही हातभार लावला. उलट, लंडनच्या तिजोरीतून मदतकार्यावर कडक नजर ठेवणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन हे भारतात नोकरी केलेले अधिकारी होते आणि १८५९ मध्ये ते मद्रासचे गव्हर्नर झाले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनने तेच चित्र पाहिले: कामावर खडी फोडणारे अस्थिपंजर, रोजचे रतलभर धान्य आणि व्यापारात ढवळाढवळ न करण्याचा तोच हट्ट. तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत जमवून सरकारपुढे अर्ज ठेवले. समुद्राच्या दोन तीरांवरचे हे अर्ज एकाच भाषेतले वाटतात.

संग्रहालयातून बाहेर पडणाऱ्यास आज डब्लिनपर्यंतची तीच १६५ किलोमीटरांची वाट पायी चालता येते. वाटेवर ठिकठिकाणी मुलांच्या जोड्यांच्या कांस्यप्रतिमा ठेवल्या आहेत. लहान पावलांच्या त्या जोड्या पाहून डोळ्यांत पाणी येते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु स्ट्रोक्सटाउनचा धडा केवळ अश्रूंचा नव्हे. पिकावर रोग पडतो तो निसर्गाने. पण कोणाच्या ताटात अन्न पोहोचावे व कोणाच्या नाही, हे माणसे ठरवितात, आणि बहुधा कागदावर ठरवितात. एक कागद सज्ज्यावरून खाली टाकला जाई व त्याबरहुकूम स्वयंपाक होई. दुसरा कागद खालून वर गेला. तो जमीनदाराच्या दप्तरात जपून राहिला. तो लिहिणाऱ्यांच्या मुलांना कोणी जपले नाही. ज्याच्या हाती असा अर्ज आजही येतो, त्याने तो दप्तरात ठेवण्यापूर्वी एकदा वाचावा, एवढेच ते मागणे आहे.