गावची पुस्तके, परगावचा वाचक



अध्यक्षाने अनुदानावर बोलावे, अशी आपल्या ग्रंथालय संघाच्या अधिवेशनांची रीत आहे. अनुदानाचे आणि सेवकांच्या तुटपुंज्या वेतनाचे ठराव दुपारी येणारच आहेत आणि मी त्यांच्या बाजूने हात वर करणार आहे. माझ्या वाट्याचा वेळ मात्र मी दुसऱ्या एका गोष्टीसाठी वापरतो. एका ग्रंथालयाचे पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाच्या वाचकाला मिळणे, ही ती गोष्ट. अभ्यासक्रमात तिला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. परीक्षेत ‘टीपा लिहा’मध्ये ती हमखास यायची. टीप लिहून आपण उत्तीर्ण झालो, नोकरीला लागलो, आणि त्यानंतर आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी गाठ पडली नाही.

सुरुवात थोडी दुरून करतो. अमेरिकेने पी. एल. ४८० कायद्याखाली आपल्याला गहू दिला, त्याची किंमत रुपयांत इथेच साठत गेली. १९६२ पासून त्या रुपयांतला काही भाग भारतीय पुस्तकांच्या खरेदीला लागला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने ती खरेदी केली आणि पुस्तके तिकडच्या निवडक विद्यापीठांकडे रवाना झाली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. आज तिथला मराठीचा एखादा विद्यार्थी संगणकावर वर्ल्डकॅट ही ग्रंथालयांची एकत्रित सूची उघडतो, साठ-सत्तर सालची कादंबरी कोणत्या विद्यापीठात आहे ते पाहतो, आपल्या ग्रंथपालाकडे मागणी नोंदवतो, आणि दूरच्या राज्यातून पुस्तक त्याच्या हाती येते. तीच कादंबरी बीडच्या एखाद्या विद्यार्थिनीला हवी असेल तर? ती लातूरला असेलही. ‘असेलही’च्या पुढे आपल्याला जाता येत नाही, कारण लातूरच्या कपाटात काय आहे ते बीडमध्ये बसून कळण्याची सोय नाही. आणि कळले, तरी ते पुस्तक कोणत्या नियमाने मागवायचे, हा प्रश्न उरतोच.

पुस्तके आपल्याकडे कमी आहेत म्हणून हे होते, असे कोणी म्हणू नये. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अ, ब, क, ड वर्गांत मिळून हजारो ग्रंथालयांना शासनाची मान्यता मिळाली. शेजारच्या गोव्यात पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून उभे आहे. सावंतवाडीच्या वाचकाला पणजी जवळ आणि मुंबई लांब, पण पुस्तकांच्या बाबतीत राज्याची सीमा त्याला आडवी येते. प्रकाशकांनी चार ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवावी असा कायदा १९५४ चा. त्या चारांतले एक मुंबईत टाउन हॉलमध्ये आहे. पण तिथली प्रत जपून ठेवण्यासाठी असते, ती गावोगाव फिरवता येत नाही. आणि १९५४ पूर्वीचे मराठी पुस्तक शोधायचे तर बहुधा या जुन्या नगरवाचनालयांचीच दारे ठोठावावी लागतात.

पुस्तक गावाबाहेर पाठवायची कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि थोड्याच काळात संस्थानच्या खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या निघू लागल्या. वाहतुकीचा खर्च दरबार सोशी. हे एवढे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल. आपल्या काळात कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतून विनायक रानडे यांनी पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत नेल्या. एका गटाने वाचलेली पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि वाचक पुस्तके परत करतात, हे या योजनेने दाखवून दिले. तरी पेटीत आणि मी म्हणतो त्या देवघेवीत एक फरक आहे. पेटीत देणाऱ्याने निवडलेली पुस्तके असतात. एखाद्या वाचकाला नेमके एकच पुस्तक हवे असते, तेव्हा पेटी त्याच्या कामाची नसते.

विद्यापीठांनी या बाबतीत बरीच मजल मारली आहे. दिल्लीचे डेलनेट हे ग्रंथालयांचे जाळे १९८८ चे. सभासद ग्रंथालये तिथे एकमेकांची पुस्तके मागवतात. इन्फ्लिबनेटची सुरुवातही त्याच सुमारास झाली. विद्यापीठांच्या पुस्तकांची एकत्रित सूची त्यांनी उभी केली आणि प्रबंध शोधगंगेवर आणले. मुंबईत बोनेट आणि पुण्यात पुणेनेट ही अशीच जाळी नव्वदच्या दशकात सुरू झाली तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी मोठ्या उमेदीने प्रशिक्षण घेतले होते. पुढे ती उमेद टिकली नाही, हे आपण जाणता. आता ‘एक देश, एक सदस्यत्व’ योजना आली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार संशोधन नियतकालिके आणि सहा हजारांहून अधिक संस्था. मी या योजनेचे मनापासून स्वागत करतो. पण ती उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाला तिच्यात जागा नाही. रसायनशास्त्राचा ताजा लेख उद्या गडचिरोलीच्या महाविद्यालयात काही क्षणांत उघडेल. १९५८ साली छापलेले एखादे मराठी चरित्र मात्र शेजारच्या तालुक्यातूनही येणार नाही.

अडते कुठे? मी पुष्कळ ठिकाणी विचारले आहे. पहिले उत्तर एकच येते: ‘हरवले तर?’ या भीतीला हसू नका. दाखल नोंदवहीतली प्रत्येक नोंद ग्रंथपालाच्या नावावर असते. तपासणीला येणारा अधिकारी ग्रंथसंख्या मोजतो. कमी भरली तर पहिला प्रश्न ग्रंथपालाला, आणि निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतून काढून टाकण्याची, परवानगी मिळवता मिळवता वर्ष सरते. शिवाय नोंदवहीत किंमत दीड रुपया. १९३५ मध्ये दीड रुपयाला घेतलेले, पुन्हा कधीच न छापले गेलेले पुस्तक गहाळ झाले, तर भरपाई किती घ्यायची? दीड रुपया घेतला तर पुस्तकाची थट्टा, हजार घ्यायचे तर आधार कोणता? अशा वेळी शहाणा ग्रंथपाल कपाटाला कुलूप लावतो. त्याला दोष देऊन हे कुलूप निघणार नाही. जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावरून काढून सगळ्यांत वाटली, तरच निघेल. माझी सूचना अशी आहे की जिल्हा संघाने एक नुकसानभरपाई निधी उभारावा. सभासद ग्रंथालयाने वर्गानुसार दरवर्षी थोडी रक्कम त्यात भरावी. देवघेवीत पुस्तक गहाळ झाले तर भरपाई निधीतून जावी आणि ग्रंथपालाच्या वेतनाला कोणी हात लावू नये. निर्लेखनासाठी संघाचे पत्र पुरेसे धरावे, एवढी विनंती आपण ग्रंथालय संचालनालयाला करू.

दुसरा अडथळा सूचीचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे काम आपले स्वतःचे आहे आणि ते दुसरे कोणी करणार नाही. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूचीचे दोन खंड केले. पहिला १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. संगणक नव्हता, साधने अपुरी होती, तरी त्या माणसाने दीडशे वर्षांची मराठी ग्रंथसंपदा नोंदवून ठेवली. त्या खंडांवरून पुस्तक निघाले होते हे कळते. आज ते कोणाकडे आहे हे कळायला आपल्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र याव्या लागतील. आणि एकत्र आणायला गेलो की गोंधळ समोर येतो.

अनेक वाचनालयांनी वीस वर्षांपूर्वीच संगणकीकरण केले, पण नोंदी श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटमध्ये. त्या युनिकोडमध्ये आणल्या नाहीत तर बाहेरच्या शोधयंत्राला त्यांतले एक अक्षर लागत नाही. संगणक प्रणालीही एक नाही: कुठे ई-ग्रंथालय, कुठे सोल, कुठे कोहा, तर कुठे गावातल्याच मुलाने करून दिलेली प्रणाली, आणि तो मुलगा आता पुण्यात. शुद्धलेखनाचा प्रश्न वेगळाच. १९६२ च्या नियमांनी पुष्कळ अनुस्वार गेले. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी एका वाचनालयात ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’ म्हणून दाखल, दुसरीकडे ‘लक्षांत’, तिसरीकडे ‘लक्षात’. यंत्राच्या लेखी ही तीन पुस्तके. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या एका नावाखाली आणि कविता आरती प्रभूंच्या नावाखाली. दोन्ही नावे एकमेकांना जोडलेली नसली तर वाचकाला अर्धाच लेखक सापडतो. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, पटवर्धन आणि माधव जूलियन, अशी यादी तुम्हीच माझ्यापेक्षा लांबवू शकाल. नावांची प्रमाणित यादी करणे हे संगणक तज्ज्ञाचे काम नाही. ते ज्याने आयुष्यभर या लेखकांची पुस्तके हाताळली त्याचे काम आहे. आणि अशी माणसे या सभागृहात बसली आहेत, त्यातली बरीच येत्या काही वर्षांत निवृत्त होतील.

हाताशी वेळ थोडा आहे, म्हणून सगळ्या पुस्तकांची सूची करायला जाऊ नका. तो डोंगर पाहूनच आपण खाली बसतो. जे पुस्तक दुकानात मिळते ते मागवायचे नाही, विकत घ्यायचे. प्रकाशकाच्या पोटावर पाय देऊन देवघेव करायला माझा विरोध आहे. जे पुस्तक हात लावताच तुटते ते बाहेर पाठवायचे नाही, त्याचे स्कॅनिंग करायचे. आपल्याकडे प्रत असेल तर जतनासाठी ती संगणकावर साठवायची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे, आणि लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटली की बहुतेक अडसर उरत नाही. राहिली ती मधली पुस्तके, साधारण १९५० ते १९९० मधली, धडधाकट पण बाजारातून गेलेली. आपण आधी त्यांच्याच नोंदी करू. एका ‘अ’ वर्ग वाचनालयात दोन सेवक मन लावून बसले तर हे काम आवाक्यातले आहे.

तिसरा अडथळा टपालाचा आणि तो सर्वांत हलका. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली तेव्हा प्रकाशकांनी आणि वाचकांनी ओरड केली. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झाले. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर, आणि पुडके कुठे आहे ते शोधता येते. नियतकालिकांना ही सवलत नाही, म्हणजे जुने दिवाळी अंक यात बसणार नाहीत. ते एसटीने पाठवावे लागतील. खर्च कोणी करायचा? बडोद्याच्या दरबाराने केला, म्हणून खेड्यातल्या वाचकाला पेटी उघडता आली. निम्मे मागणाऱ्या ग्रंथालयाने आणि निम्मे संघाने उचलावे, वाचकाकडून काही घेऊ नये, असे माझे मत आहे. यावर मतभेद होतील, व्हावेत.

आणखी एक छोटी गोष्ट, तिला पैसा लागत नाही. आपण दिलेल्या पुस्तकांची रोज नोंद ठेवतो. न देता आलेल्यांची ठेवत नाही. वार्षिक अहवालात ग्रंथसंख्या असते, सभासदसंख्या असते, देवघेव असते. किती जण ‘नाही’ ऐकून परत गेले, याचा रकाना नसतो. उद्यापासून देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा: तारीख, वाचकाने मागितलेले पुस्तक, लेखक. वाचकाचे नाव नको. सहा महिन्यांनी जिल्ह्यातल्या वह्या एकत्र करून पाहू. कोणत्या पुस्तकांची नोंद आधी करायची ते त्या वह्याच सांगतील, आणि संचालनालयापुढे जाताना हातात नुसते निवेदन राहणार नाही.

या देवघेवीत सुरुवातीला पाच-सहाच ग्रंथालये आली तरी हरकत नाही. मोठ्या वाचनालयांच्या विश्वस्तांना मी वेगळे सांगतो: पहिली दोन वर्षे तुम्ही जास्त द्याल आणि कमी मागाल, हिशेब तुमच्या विरुद्ध दिसेल. तो दिसणारच. ज्याच्याकडे दोनशे वर्षांचा संग्रह आहे त्याच्याकडेच लोक येणार. पण ‘ड’ वर्गाच्या लहान वाचनालयातही एखाद्या गावकऱ्याच्या देणगीतून आलेली, शहरात कुठेच न उरलेली पुस्तके असतात, आणि त्यांची माहिती आज तुमच्याकडेही नाही.

करारनाम्याचा मसुदा संघाच्या कार्यालयाने तयार केला आहे. त्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर आहेत. कार्यकारी मंडळासमोर ठेवायला लागतील तेवढ्या घेऊन जा. कालावधी एक महिन्याचा धरला आहे. दुर्मीळ प्रत असेल तर ती मागवणाऱ्या ग्रंथालयातच बसून वाचायची, घरी न्यायची नाही. नुकसानभरपाईचे कलम तिसरे आहे. वाद त्यावरच होणार, तेव्हा जेवणापूर्वी तेवढे वाचून ठेवा.