गोठ्याच्या स्लॅबची डागडुजी

गोठ्याच्या किंवा अवजारांच्या खोलीच्या स्लॅबचे पोपडे सुटतात, सळया उघड्या पडतात. तसं झालं की आपण वरून गिलावा मारून मोकळे होतो. पण रोग आत तसाच राहतो. भेगेतून पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून दुपटीपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो खालचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. असा एखादा तुकडा जनावराच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यात पडला, तर काय होईल ते सांगायला नको.

काम होळीनंतर काढावे, मृगाच्या तोंडावर नको. आधी जनावरे बाहेर बांधा. स्लॅबवर कडब्याची गंज असेल तर उतरवा. पन्हळी मोकळ्या करा, भेगा छिन्नीने रुंद करून मसाल्याने भरा. वरचे पाणी थांबल्याशिवाय खालची दुरुस्ती टिकणार नाही.

मग स्लॅबला खालून भक्कम टेकू द्या आणि हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज येईल तेवढा भाग फोडून काढा. सळईच्या मागे बोट जाईल इतके खोल जा. तारेच्या ब्रशने सळई चहूबाजूंनी घासून लखलखीत करा. डोळ्यांना चष्मा लावा.

जागा धुऊन ओलसर ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. सिमेंटचे दाट पाणी लावा आणि ते ओले असतानाच मसाला दाबून भरा. मसाल्याचे माप एक घमेले सिमेंट, तीन घमेली धुतलेली वाळू. पाणी बेताचेच. गुठळ्या झालेले सिमेंट वापरू नका. जाड थर एकदम न देता पातळ थरांनी भरा. पुढे निदान सात दिवस दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारा. पाण्यात कंजुषी केली तर सिमेंटचा पैसा वाया गेला म्हणून समजा. हे दिवस टेकू काढू नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. सळई गंजून बारीक झाली असेल, किंवा स्लॅब मधोमध झुकला असेल, तर हे काम गवंड्याचे नव्हे. जनावरे आत बांधू नका आणि जाणत्या इंजिनिअरला दाखवा. स्लॅब नवा घालता येतो, गेलेला जीव परत येत नाही.