होडीवरचा जनरेटर

माझ्या वर्गात बंदराकडची पुष्कळ मुले असतात. त्यांतल्या एकाचे वडील तांडेल आहेत. एका संध्याकाळी ते हातात कागद घेऊन घरी आले. कागदावर तीन जनरेटरांच्या किमती होत्या. म्हणाले, "सर, होडीवरची बॅटरी भरायला यातला कुठला घेऊ?" मी म्हटलं, "तांडेल, मी गणिताचा माणूस, यंत्रातलं मला बेताचंच कळतं. पण हिशेब असेल तर बसू." आम्ही बसलो. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

कुणी म्हणेल, होडीच्या डिझेल इंजिनाला डायनामो असतोच, मग हा निराळा खटाटोप कशाला? इंजिन चालू आहे तोवर प्रश्न नाहीच. पण नांगर टाकून रात्र काढायची, आणि नुसत्या बॅटरीसाठी मोठे इंजिन घरघरत ठेवायचे, हे एका घागरीसाठी मोट जुंपण्यासारखे झाले. तुमची गरज थोडी असेल तर आधी सौर पत्र्याचा विचार करा. १०० वॅटचा पत्रा चांगल्या उन्हात दिवसाकाठी ३० अँपिअर-तासांच्या आसपास वीज देतो. तेवढ्यात भागत असेल तर जनरेटरच्या वाटेला जाऊच नये.

तांडेलांचे तेवढ्यात भागत नव्हते. त्यांच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकी १५० अँपिअर-तासांच्या. रात्रीचे दिवे ४ अँपिअरचे, दहा तास, म्हणजे ४०. वायरलेस, जीपीएस आणि मासे शोधायचे यंत्र मिळून ३ अँपिअर, चौदा तास, म्हणजे ४२. पाणी उपसायचा पंप व किरकोळ धरून आणखी १८. बेरीज बरोबर १००. (शिक्षकमित्रांनी हे उदाहरण फळ्यावर घ्यायला हरकत नाही. बंदरावरच्या मुलांना ते पुस्तकातल्या हौदापेक्षा जवळचे वाटेल.)

बॅटरीतून १०० काढले की १०० घालून भागत नाही; शिशाच्या बॅटरीला सुमारे १२० परत द्यावे लागतात. ३० अँपिअरचा चार्जर असेल तर चार तास. शेवटी शेवटी बॅटरी वीज हळूहळू घेते, म्हणून पाच धरा. चार्जर मोठा घेतला तर वेळ वाचेल हे खरे, पण बॅटरीलाही सोसले पाहिजे. साध्या पाण्याच्या बॅटरीला तिच्या आकड्याच्या दहावा हिस्सा सुखाचा. ३०० ला ३० ठीक.

आता जनरेटर. भरताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट पडतात. त्याला ३० ने गुणा : ४३२ वॅट. चार्जर स्वतः तापतो, त्यात काही जाते. म्हणजे तो ५१० वॅटच्या आसपास ओढणार. इथवर तांडेलांनीही तोंडी केले. फसगत होते ती पुढे. साधा चार्जर वीज सारखी घेत नाही; विजेच्या लाटेच्या माथ्यावरच घोट घेतो, आणि एरवी तोंड मिटून बसतो. त्यामुळे काम ५१० वॅटचे झाले तरी जनरेटरवर ओझे पडते सुमारे ७८० व्होल्ट-अँपिअरचे. ज्या चार्जरवर 'पॉवर फॅक्टर करेक्शन' असे लिहिलेले असते, त्याची ही खोड मोडलेली असते. तो थोडा महाग पडतो, पण जनरेटर लहान लागतो. म्हणून माझे म्हणणे असे, की आधी चार्जर ठरवा, मग जनरेटर. बहुतेक लोक उलटे करतात.

खोक्यावरचा मोठा आकडाही जरा जपून वाचा. १००० लिहिलेले असले तरी ते क्षणभराचे बळ. तासन्‌तास चालवायचे तर ९०० च्या आसपास मिळतात. तांडेलांच्या ७८० ला ते पुरे. पुढेमागे ४० अँपिअरचा साधा चार्जर घ्यायचा विचार असेल, तर मात्र हजाराचा पुरणार नाही, दोन हजारांचा घ्यावा. इन्व्हर्टर जातीचा हजारी जनरेटर १३-१४ किलोंचा, दोन हजारी २०-२१ किलोंचा. हलत्या होडीत तो उचलणार कोण, हेही पाहावे. इन्व्हर्टर जातीचा भाराप्रमाणे आपला वेग कमीजास्त करतो, पेट्रोल कमी पितो आणि आवाजही कमी करतो. काही जनरेटरांना १२ व्होल्टचे निराळे तोंड असते. त्यावर विसंबू नका. ते बहुधा आठेक अँपिअर देते, आणि बॅटरी भरली की आवरते घेत नाही.

कागद घडी करून उठताना तांडेल सहज म्हणाले, "आमच्या शेजारच्या होडीवर आहे असला. पाऊस आला म्हणून त्यांनी ताडपत्रीखाली ठेवला, खोलीच्या दाराशी. पहाटे दोन्ही खलाशांना बोट लागली." सगळे हसले होते म्हणे. मला हसू आले नाही. पंधरा-वीस वर्षे दर्यावर काढलेल्या माणसाला शांत खाडीत बोट कशी लागेल? डोके दुखणे, गरगरणे, उलटी : ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणे. या वायूला ना रंग ना वास. रक्तात तो प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो. ती माणसे जागी झाली म्हणून वाचली.

तेव्हा जनरेटर उघड्यावर, खोलीच्या दारा-झरोक्यांपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. खाडीत होडी भरती-ओहोटीबरोबर फिरते. संध्याकाळी बाहेर जाणारा धूर मध्यरात्री आत येऊ लागतो. झोपताना यंत्र बंदच असावे. खोलीत या वायूची सूचना देणारी घंटा लावावी. कुणाला गरगरले, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, यंत्र बंद करा, आणि दवाखाना गाठा. तिथे प्राणवायू देतात.

पेट्रोल भरताना यंत्र थांबवून थंड होऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती होडीच्या तळाशी साचते. भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हलका, पण ठिणगीला तितकाच वाईट. म्हणून बॅटरीची पेटीही हवेशीर हवी.

अजून एक. २०१७ साली केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तिच्यामुळे होडीवर जनरेटर दिसला की विचारणा होऊ शकते. विकत घेण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन, तो कशासाठी हवा ते सांगून विचारा.

तांडेलांनी हजारीच घेतला. जून-जुलैच्या बंदीत होडी किनाऱ्याला लागली, तेव्हा तो त्यांनी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसला, टाकीतले आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकले, आणि माळ्यावर ठेवून दिला.